शस्त्रक्रियेनंतर डोळा कोरडा पडतो तेव्हा

गेल्या वर्षी या स्मरणिकेसाठी लेख मागावयास चिटणीस आमच्या पेढीवर आले, तेव्हा डोळ्यांचे कारण पुढे करून आम्ही सुटका करून घेतली. कारण खोटे नव्हते. पण ते थोडे वाढवून सांगितले होते, हे आता कबूल करावयास हरकत नाही. यंदा ते पुन्हा आले आणि म्हणाले, "मग त्या डोळ्यांवरच लिहा." देणे मागील सालचे, तेव्हा ना म्हणवेना. शिवाय आमच्या सभासदांतील साठी ओलांडलेल्यांची संख्या पाहता मोतीबिंदू हा घरोघरचा विषय झाला आहे. त्या शस्त्रक्रियेनंतर जो एक उपद्रव पुष्कळांना होतो, त्याविषयी आम्हांस आधी कोणी दोन शब्द सांगितले असते, तर आमचे तीन महिने वाया गेले नसते आणि एका सज्जन डॉक्टरांशी असलेला जुना स्नेहही इतका ताणला गेला नसता.

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली ती दहा-पंधरा मिनिटांत. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि समोरच्या भिंतीवरील दिनदर्शिकेतील तिथी खाटेवरून वाचता आली. चार वर्षे आम्ही पांढरा म्हणून जो रंग पाहत होतो तो वस्तुतः पिवळट होता, हेही त्याच दिवशी कळले. आमचा व्यवहार मिरची-हळदीचा. हळदीची प्रत आम्ही इतके दिवस नजरेने नव्हे, केवळ सवयीने ठरवीत होतो, हे मनात येऊन थोडी भीतीच वाटली. असो. पंधरा दिवस मोठ्या आनंदात गेले. भेटेल त्याला आम्ही दुकानासमोरच्या पाट्या वाचून दाखवीत होतो.

तिसऱ्या आठवड्यात डोळ्यांत वाळूचा कण अडकावा तसे खुपू लागले. सकाळी दुकान उघडताना सारे ठीक असे. दुपारी तीन-चारच्या सुमारास जळजळ सुरू होई, आणि खतावणीवरील आकडे पसरट दिसत. पापणी मिटून उघडली की क्षणभर आकडा लख्ख, आणि पाच-सहा ओळी वाचून होतात न होतात तो पुन्हा धूसर. वाऱ्यावर गेलो की डोळ्यांतून पाणी असे वाहे की गिऱ्हाइकांनी घरी काही अशुभ घडले काय म्हणून विचारावे. डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासले आणि सांगितले, "डोळा कोरडा पडला आहे." रुमाल ओला होईपर्यंत डोळे पुसणाऱ्या माणसास डोळा कोरडा आहे म्हणून सांगणे, ही आम्हांस उघड टाळाटाळ वाटली. व्यापाऱ्याचे मन. आम्ही म्हटले, भिंग नमुन्याप्रमाणे आलेले नाही आणि आता हे झाकपाक चालली आहे. डॉक्टरांना न सांगता आम्ही दुसऱ्या गावी दुसऱ्या नेत्रतज्ज्ञांकडे गेलो.

त्या वयाने आमच्या मुलीएवढ्या. त्यांनी एक लहानशी कागदी पट्टी खालच्या पापणीत अडकवून आम्हांस पाच मिनिटे डोळे मिटून बसविले. ऑटो शिर्मर या जर्मन वैद्यांनी १९०३ साली सांगितलेली ही परीक्षा आजही तशीच चालते. पाच मिनिटांत पट्टी दहा मिलिमीटरांहून अधिक भिजली तर ठीक, पाचांहून कमी भिजली तर ओलावा फारच थोडा असे समजतात. आमची पट्टी चारावर थांबली. मग केशरी रंगाचे औषध लावून निळ्या उजेडात त्यांनी डोळा पाहिला आणि पापणी न मिटता अश्रूंचा थर किती वेळ अभंग राहतो ते मोजले. दहा सेकंदांच्या आत तो तुटू लागला तर ते चांगले लक्षण नव्हे. आमचा चौथ्या सेकंदाला फाटत होता. "अण्णा," त्या म्हणाल्या, "तुमचं भिंग उत्तम बसलंय. ज्यांनी बसवलं त्यांनी काम चोख केलंय. त्याच्यापुढची काच तेवढी पुसलेली राहत नाही." परतीच्या वाटेवर पहिल्या डॉक्टरांविषयी आम्ही मनात जे जे म्हटले होते ते सारे आठवून संकोच वाटत राहिला.

ही पुढची काच म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पारपटल. त्यात रक्तवाहिन्या नाहीत. प्राणवायू ते मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या थरामार्फत घेते. म्हणून अश्रू हे केवळ दुःखाचे चिन्ह नसून डोळ्याचा नित्याचा शिधा आहे. हा थर अत्यंत पातळ आणि त्याची रचना मोठी हिशेबी. सर्वांत वर तेलाचा पदरा असतो. तो पाण्यास उडू देत नाही. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या बारीक ग्रंथींतून येते. जर्मन वैद्य हाइनरिख माइबोम यांनी १६६६ साली त्यांचे वर्णन केले, म्हणून त्या त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. तेलाखाली पाणी, आणि पाणी पारपटलास चिकटून राहावे म्हणून तळाशी श्लेष्म. हे तीन थर पूर्वी वेगवेगळे मानीत; पाणी आणि श्लेष्म यांचे मिश्रणच असते असे आता मानतात. यांतला एक जिन्नस कमी पडला तरी बाकीचे दोन निरुपयोगी होतात.

आता शस्त्रक्रियेने हा कारभार का बिघडावा? पारपटलाइतके दाट मज्जातंतूंचे जाळे शरीरात क्वचितच दुसरीकडे असेल. डोळा सुकू लागला की हे तंतू मेंदूकडे वर्दी देतात, आणि तेथून अश्रुग्रंथीस व पापणीस हुकूम सुटतो. दुकानातील माल संपत आला की पोऱ्याने गोदामाला चिठ्ठी न्यावी, तसाच हा प्रकार. मोतीबिंदूच्या आजच्या शस्त्रक्रियेत पारपटलाच्या कडेशी दोन-तीन मिलिमीटरांचा छेद घेतात. छेद लहान खरा, पण तेवढ्या भागाचे तंतू तुटतात आणि तेथील चिठ्ठी पोहोचत नाही. माल येईनासा होतो. मग एखाद्या ठिकाणी अगदीच कोरडे पडून आग होऊ लागली की शाबूत राहिलेले तंतू एकदम ओरडतात, आणि गोदामातून नको इतक्या गाड्या एकाच वेळी सुटतात. आमच्या रुमालाचे रहस्य हेच. ते पाणी नुसते पाणी. त्यात तेल पुरेसे नसते, म्हणून ते टिकत नाही, गालावर ओघळून जाते.

छेद हे एकच कारण नव्हे. शस्त्रक्रियेपूर्वी डोळा जंतुनाशकाने धुतात, ती होईपर्यंत तो प्रखर दिव्याखाली उघडा असतो, आणि नंतर कित्येक आठवडे दिवसातून अनेकदा औषधाचे थेंब पडतात. त्या थेंबांत औषध टिकावे म्हणून एक रसायन मिसळलेले असते. बेंझाल्कोनियम क्लोराइड हे त्यांपैकी सर्वांत प्रचारातले. बाटलीतले जंतू ते मारते, पण पुनःपुन्हा पडले तर पारपटलावरील नाजूक पेशींनाही दुखविते. या सर्वांहून मोठे कारण मात्र बहुधा आधीचेच असते. वय, मधुमेह, स्त्रियांची पाळी थांबणे, सर्दीच्या वा लघवी साफ करणाऱ्या गोळ्या, या साऱ्यांनी डोळा आधीच थोडा कोरडा झालेला असतो. मोतीबिंदूच्या धुक्यात ते जाणवत नाही. धुके गेले की जाणवू लागते.

ही व्याधी नवी आहे असेही नाही. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात शुष्काक्षिपाक नावाचा नेत्ररोग सांगितला आहे. आमच्या लहानपणी बेळगाव-विजापूरकडे डॉ. एम. सी. मोदी यांच्या नेत्रशिबिरांचा मोठा बोलबाला होता. त्या काळी मोतीबिंदू काढावयास बुबुळाच्या अर्ध्या कडेएवढा छेद घ्यावा लागे, रोगी दिवसचे दिवस पट्टी बांधून निश्चल पडून राहत आणि जन्मभर जाड काचेचा चष्मा वापरीत. त्यांचे डोळे कोरडे पडत नसतील काय? पण ज्याला आंधळेपणातून सोडविले आहे तो खुपण्याची तक्रार कशाला करील? १९४९ साली लंडनमध्ये हॅरल्ड रिडले यांनी डोळ्यात कृत्रिम भिंग बसविले आणि १९६७ साली अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी कानांना ऐकू न येणाऱ्या कंपनांनी मोतीबिंदू फोडून शोषून घेण्याची रीत काढली, तेव्हापासून अपेक्षा वाढत गेल्या. आम्हांस आता नुसते दिसावयास नको, दुपारी चारला खतावणी वाचावयाची असते.

उपायांत पहिला मान कृत्रिम अश्रूंचा. कार्बॉक्सिमिथिल सेल्युलोज हे त्यांतले नेहमीचे द्रव्य. सेल्युलोज हा वनस्पतींचा घटक, तेव्हा आपल्या मंडळींनी त्याविषयी शंका बाळगू नये. दुसरे हायल्युरोनेट. ते पूर्वी कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढीत, हल्ली बहुतांशी सूक्ष्म जंतूंकडून आंबविण्याच्या क्रियेने तयार करतात. ज्यांना विचारावयाचे असेल त्यांनी आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे. थेंब दिवसातून चार-सहापेक्षा अधिक वेळा लागत असतील, तर टिकविण्याचे रसायन नसलेल्या, एका वेळेच्या वापराच्या छोट्या कुप्या घेणे हिताचे. त्या महाग पडतात हे खरे. पण बाटली घेतली तरी ती उघडल्यापासून महिन्यात, किंवा वेष्टनावर लिहिले असेल त्या मुदतीत, टाकून द्यावी लागते. अर्धी उरली म्हणून ती पुढच्या दिवाळीपर्यंत जपणे ही काटकसर नव्हे.

मापाविषयी एक गोष्ट आम्हांस फार उशिरा कळली. डोळ्यात नेहमी असणारे अश्रू सुमारे सात मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरच्या हजार भागांतले सात भाग. बाटलीतून पडणारा एक थेंब तीस ते पन्नास मायक्रोलिटरांचा. म्हणजे एकच थेंब डोळ्याच्या सामावण्यापलीकडचा. आम्ही मात्र उपाय लवकर लागू पडावा म्हणून तीन-तीन थेंब घालीत होतो. दोन गालावर जात आणि पहिल्यालाही घेऊन जात. एका वेळी एकच थेंब घालावा, दुसरे औषध असेल तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत, आणि बाटलीचे टोक पापणीला लावू नये.

याच मापाशी आमच्या थोरल्या अक्कांची हकीकत निगडित आहे, आणि खरे सांगावयाचे तर हा लेख लिहावा असे प्रथम वाटले ते त्यांच्यामुळे. अक्कांची शस्त्रक्रिया आमच्यापूर्वी दोन महिने झाली. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणी नाही, हा त्यांचा पन्नास वर्षांचा नियम. डॉक्टरांनी थेंब दिवसातून सहा वेळा सांगितले होते. त्यांतले संध्याकाळनंतरचे दोन अक्का गुपचूप सोडून देत होत्या. डोळा लाल राहू लागला, तेव्हा सुनेच्या लक्षात आले. आम्ही समजूत घालावयास गेलो. म्हटले, औषध डोळ्यात पडते, तोंडात नव्हे. नियम कसा मोडेल? अक्का म्हणाल्या, "मग कडू कुणाच्या जिभेला लागतं रे?" याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्यांचे म्हणणे शरीरशास्त्राप्रमाणे अगदी बरोबर होते. पापण्यांच्या आतल्या कोपऱ्यात दोन बारीक छिद्रे असतात. तेथून अश्रू नाकात व नाकातून घशात उतरतात. जादा औषधही त्याच वाटेने जाते.

उत्तर मिळाले ते डॉक्टरांकडून. थेंब घातल्यावर डोळा हलकेच मिटावा आणि नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यावर, हाडाला टेकवून, स्वच्छ बोट दोन मिनिटे धरावे. डोळ्याच्या गोळ्यावर दाब पडू देऊ नये. वाट बंद होते, औषध डोळ्यातच राहते, घसा कडू होत नाही, आणि औषधाचा गुणही अधिक येतो. शिवाय कृत्रिम अश्रूंच्या वेळा त्यांनी सूर्यास्ताच्या आत बसवून दिल्या. जंतुनाशक व सूज उतरविणाऱ्या थेंबांच्या वेळा मात्र पहिल्या आठवड्यांत आपल्या मनाने हलवू नयेत, असे त्यांनी बजावले. ज्यांचा नियम आहे त्यांनी तो आधीच सांगावा, म्हणजे वेळापत्रक त्याप्रमाणे आखता येते. अक्कांनी हे मान्य केले. आमची समजूत घालण्याची रीत त्यांना अजून मान्य नाही. धर्मनियमाला अडाणीपणा समजून बोलणारा भाऊ त्या दिवशी त्यांनी पाहिला, आणि ते त्यांनी विसरावे असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही.

बाकीचे उपाय थोडक्यात. पापण्यांच्या ग्रंथींतील तेल घट्ट झाले असेल तर कोमट कपड्याचा शेक पाच-दहा मिनिटे देतात व पापणीची कड हलकेच चोळतात. पण शस्त्रक्रियेनंतर पहिले काही आठवडे डोळ्यावर दाब पडू देणे धोक्याचे, तेव्हा हे डॉक्टरांच्या संमतीवाचून करू नये. पंख्याचा वारा तोंडावर घेऊ नये. पापण्यांची उघडझाप आपण मिनिटाला सुमारे पंधरा वेळा करतो. संगणकाच्या पडद्याकडे पाहताना ती निम्म्याहूनही खाली येते आणि होते तीही अर्धवट. २०१७ साली जीएसटी आल्यापासून आपली विवरणपत्रे, बिले, सारे त्या पडद्यावर गेले आहे. आमच्या मुनिमांनी पडदा मेजावर खाली उतरवून ठेवला. दृष्टी खाली राहिली की पापणीने डोळा अधिक झाकला जातो. मिरचीची पोती उघडताना बंद बाजूंचा चष्मा लावावा, हे आमच्या धंद्यातील सर्वांना सांगणे आहे. हमालांनाही तो द्यावा, कारण त्यांचेही डोळे डोळेच आहेत.

माशाच्या तेलाच्या गोळ्यांविषयी आम्हांस अनेकांनी विचारले. कोरड्या डोळ्यासाठी त्या घ्याव्यात असा सल्ला सर्रास मिळतो आणि आपल्या घरांत त्यावरून अवघड प्रसंग उद्भवतात. अमेरिकेत यावर मोठी चाचणी झाली व तिचे फलित २०१८ साली प्रसिद्ध झाले. वर्षभर रोज तीन हजार मिलिग्रॅम माशांपासूनचे ओमेगा-३ घेणारे आणि नुसते ऑलिव्ह तेल घेणारे, दोघांनाही सारखाच आराम पडला. तेव्हा त्या गोळ्या न घेतल्याने आपण काही मोठे गमावतो असे समजण्याचे कारण नाही.

ज्या गोष्टीची आम्हांस खरी धास्ती वाटते ती निराळी. आमच्या बाजारातील एका सद्गृहस्थांना शस्त्रक्रियेनंतर दिलेल्या थेंबांनी डोळा फार शांत वाटला. मुदत संपल्यावरही ते औषधाच्या दुकानातून तीच बाटली आणीत राहिले. खुपले की थेंब, असे सात-आठ महिने चालले. ते औषध स्टिरॉइडचे होते. अशा औषधाने काहींच्या डोळ्यातील दाब वाढतो आणि आतली नस हळूहळू मरते. त्यात दुखत नाही, समोरचे स्पष्ट दिसत राहते, नजर फक्त कडेने आत-आत सरकते. रस्ता ओलांडताना बाजूची दुचाकी दिसली नाही, तेव्हा त्यांना संशय आला. गेलेली दृष्टी परत येत नाही. कोरडेपणासाठी घ्यावयाचे ते नुसते कृत्रिम अश्रू. दुसरे काहीही चिठ्ठीवाचून, आणि चिठ्ठीतील मुदतीपलीकडे, घालू नये.

आणि डोळा खुपला की तो कोरडाच, असेही गृहीत धरू नये. कोरडेपणा कमी-अधिक होतो, पापणी मिटल्यावर क्षणभर निवतो, सायंकाळी वाढतो. याउलट डोळा ठणकू लागला, नजर एकाएकी उतरली, लाली वाढत चालली, उजेड सोसेना किंवा घाण येऊ लागली, तर तो आत जंतुसंसर्ग झाल्याचा इशारा असू शकतो. अशा वेळी रात्र असो की दुकानाचा हंगाम, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. उद्यावर टाकल्याने डोळा गेल्याची उदाहरणे आहेत.

तरुण मुलामुलींचा चष्मा काढण्यासाठी, विशेषतः लग्न ठरण्याच्या सुमारास, लॅसिक करून घेण्याची चाल पडली आहे. तीत पारपटलाचा पातळ पापुद्रा उचलतात, त्यामुळे तंतू मोतीबिंदूपेक्षा कितीतरी अधिक तुटतात आणि कोरडेपणा सहा महिने ते वर्षभर, क्वचित त्याहूनही अधिक, राहू शकतो. आईबापांनी मुहूर्त धरण्यापूर्वी मुलाचे डोळे आधीच कोरडे नाहीत ना, एवढे तपासून घ्यावे.

मोतीबिंदूनंतरचा त्रास बहुतेकांना पहिल्या महिन्यात अधिक असतो आणि तीनएक महिन्यांत तंतू वाढू लागले की ओसरतो. ओसरला नाही, किंवा तोंडालाही कोरड पडत असेल व सांधे दुखत असतील, तर मूळ शोधावे लागते; अशा एका विकाराचे वर्णन स्वीडनचे हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ साली केले व तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. हट्टी कोरडेपणावर सायक्लोस्पोरिनचे थेंब देतात, किंवा अश्रू वाहून नेणारी ती बारीक छिद्रे इवल्याशा बुचाने बंद करतात. आमच्यावर ती पाळी आली नाही. अकराव्या आठवड्यात एका सायंकाळी रोजमेळ मिळविताना आपण डोळे पुसलेले नाहीत, हे सहज ध्यानी आले.

डावा डोळा राहिला होता. त्यासाठी आम्ही पहिल्याच डॉक्टरांकडे गेलो आणि मधल्या काळात दुसरीकडे जाऊन आल्याचे सांगितले. ते हसले, त्यांना ते ठाऊक होते. या खेपेस भिंगाचा क्रमांक ठरविण्यासाठी त्यांनी पारपटलाची वक्रता दोन वेगवेगळ्या दिवशी मोजली. मोजमापे जुळेनात. कोरड्या डोळ्यावर हे माप चुकीचे येऊ शकते, आणि माप चुकले तर भिंगही चुकीच्या क्रमांकाचे पडते. म्हणून त्यांनी शस्त्रक्रिया महिनाभर पुढे ढकलून आधी थेंबांवर ठेवले. परवा तिसऱ्यांदा मोजले, आणि लागोपाठचे दोन आकडे सारखे आले. तारीख पुढच्या बुधवारची मिळाली आहे. हा लेख सकाळच्या वेळी, वीस-वीस मिनिटांच्या हप्त्यांनी लिहिला आहे. मुद्रिते मात्र चिटणीसांनी दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यावीत, अशी त्यांना विनंती केली आहे.